मजबुरीचं जेवण

डोक्याचं मुंडण झालं, मिशी उतरली, तरी रेणुकादासची सुटका नव्हती. गोदावरीच्या गुडघाभर पाण्यात उभं राहून अजून एकेक पाप कबूल करायचं होतं.

पाप काय, तर हैद्राबादच्या कॉलेजात शिकणारा हा पोरगा कुणी न पाठवता, आपल्याच हौसेनं बोटीत बसून इराणला गेला. जुन्या मशिदींचे घुमट भिंतींवर कसे पेलले आहेत ते बघायला. परवा नांदेडला परतला तो तापानं निम्मा होऊन. घुमट कसे होते, हे घरात एकानंही विचारलं नाही. समुद्र ओलांडला, एवढंच सगळ्यांना कळलं. त्याच्या बहिणीचं, इंदूचं, लग्न ठरलेलं होतं. आणि नवऱ्या मुलाचे वडील अनंतराव म्हणाले, प्रायश्चित्त झाल्याशिवाय अक्षता पडणार नाहीत.

खात्री करून घ्यायला ते स्वतः औशाहून आले होते आणि घाटाच्या पायरीवर बसले होते. निजाम सरकारच्या तहसील कचेरीत पेशकार. ईदेला साहेबांच्या घरचा शीरखुर्मा ते चाटूनपुसून खात. पण तो समुद्राच्या अलीकडचा.

"संध्या चुकली?" गुरुजींनी विचारलं.

"चुकली."

"यवनाघरी अन्न घेतलं?"

"घेतलं."

"मजबुरीनं घेतलं म्हण. मजबुरी असली की दोष निम्मा."

उभं राहून राहून रेणुकादासचे पाय भरून आले होते.

"म्हण बाबा," वडील मार्तंडराव काठावरून म्हणाले. त्यांचाही आवाज थकलेला होता. "इंदू घरी वाट बघून राहिली."

"इस्फहानात मी तापानं पडलो," तो हळू म्हणाला. "मशिदीच्या रखवालदाराची म्हातारी आई मला चमच्यानं भरवायची. मी मांस खात नाही कळल्यावर तिनं बाजारातून कोरं मडकं आणलं. माझ्यापुरता भात त्यात वेगळा शिजवायची. मी तो मागून मागून खाल्ला, गुरुजी."

गुरुजींनी मान खाली घातली. अनंतरावांनी उपरणं झटकलं आणि ते उठून उभे राहिले.

"बसा हो, बसा," मार्तंडराव त्यांच्याकडे धावले. "पोरगं थकलंय. म्हणतो तो."

वडिलांचे जोडलेले हात रेणुकादासनं पाहिले.

"मजबुरीनं जेवलो," तो मोठ्यानं म्हणाला. म्हातारीच्या तोंडावर दार लावल्यासारखं त्याला वाटलं.

मग पंचगव्य झालं, बुडी झाली. अनंतरावांनी समाधानानं मान हलवली, आणि दोघे व्याही तिथीचं बोलत पायऱ्या चढून गेले.

"ये बाहेर," गुरुजी म्हणाले. "झालं सगळं."

रेणुकादास जागचा हलला नाही.

"मी पाण्यातच आहे, गुरुजी. आत्ता खोटं बोललो, त्याचंही उरकून टाका."