भरलेली डबी

हातांच्या थरथरीवर नव्या औषधाची चाचणी होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना समजावलं, "निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कोणती, मलाही ठाऊक नाही." मी बरी ऐकते! त्या नको म्हणत असताना घरच्या आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली टेबलावर ठेवली आणि बाहेर शेजारच्या रादोयकाला म्हणाले, "माझी गोळी खरी, बघ. तू रिकाम्या हातांनी आलीस, तुला खोटी; चघळ आता खडू!" तीन महिन्यांनी बाईंनी तिची डबी उघडली, तर एकही गोळी हललेली नव्हती. "खडू कशाला खायचा, बाई?" रादोयका पुटपुटली. "खडू? कुणी सांगितलं? आता तुम्हाला चाचणीतून काढावं लागेल, आजी." रादोयकाने माझ्याकडे पाहिलं. "कुणी नाही. माझंच डोकं फिरलं." एरवी गल्ली दणाणून सोडणारी मी तिचा कोट आणायला उठले. बाहेर, तिच्या हातांना जमेनात म्हणून, तिच्या कोटाची बटणं लावताना माझी मान वर होईना.