हाती द्यायचं कार्ड

"पंच उलटा धर गो, मथुरा. म्हणजे कागद कुठे कापला जातोय ते दिसतं. नाहीतर आंधळ्यासारखी दाबत बसशील."

डेल्फिनने हे कार्डं शिकवायच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तिच्या दोन्ही हातांत ताकद होती. आता कागदाची फुलं कापायचा पंच शेजारची मथुरा दाबत होती आणि डेल्फिन नुसती सांगत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती आडवीच होती. या आठवड्यात कुठे उशीला टेकून बसू लागली होती. चर्चच्या नाताळच्या स्टॉलसाठी कार्डं करायची होती. कागदी मोगऱ्याची फुलं चादरीवर टपटप पडत होती.

"पाकळ्या पेन्सिलीने जरा वर वळव. मोगरा आहे तो, पापड नाही."

मथुरा हसली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून डेल्फिनची सून आली, रोवेना. फोन अजून हातातच होता.

"मम्मी, कळंबहून फोन होता. एस्थर मावशी गेली. सकाळी, चहा घेता घेता. चारला दफन आहे."

डेल्फिनचा डावा हात चादरीवर पडला आणि फुलं चुरगळली. मथुराच्या हातातला पंच तसाच राहिला. तिच्या डोळ्यांपुढे घरच्या देव्हाऱ्यातलं एक कार्ड आलं.

एस्थर ही डेल्फिनची थोरली बहीण. लग्न होऊन कळंबला गेलेली. डेल्फिनच्या मुलाचं, फ्लॉईडचं लग्न ठरलं तेव्हा आमंत्रणांची घाई झाली. सख्ख्या बहिणीकडे आपण जायचं, घटकाभर बसायचं आणि पत्रिका तिच्या हातात द्यायची, ही पापडी गावची रीत. हिंदूंची तीच, ख्रिस्त्यांचीही तीच. डेल्फिनने पत्रिका पुतण्याबरोबर पाठवून दिली. एस्थर लग्नाला आली नाही. "परक्यासारखी पत्रिका धाडलीस, आता परकीच समज," एवढाच निरोप आला. त्यानंतर इतकी वर्षं ना ही तिच्याकडे गेली, ना ती हिच्याकडे.

आजारात डेल्फिनचं मन मऊ झालं. गणपतीच्या दिवसांत तिने मथुराकडून एस्थरसाठी एक कार्ड करून घेतलं. सायीच्या रंगाचा कागद, जाळीची किनार, मधोमध मोगऱ्याची फुलं. आत काही लिहायचं नव्हतं.

"तिच्या हातात दे. फ्लॉईडबरोबर नको, पुन्हा तेच होईल."

"मग मी तरी कोण? परकीच."

"तू कसली गो परकी? माझा हात गेला, म्हणून तुझाच चालवतेय ना मी?"

मथुराने शब्द दिला. फक्त म्हणाली, "कार्तिकी एकादशी होऊ दे. यंदा चातुर्मासात गावाची शीव ओलांडायची नाही, असा नेम धरलाय."

"म्हणजे तुझा देव चार महिने झोपणार आणि पहारा तू करणार?"

डेल्फिन हसली, पण तिने आग्रह धरला नाही. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, ती स्वतः चहा सोडायची. नेम म्हणजे काय ते तिला सांगावं लागत नव्हतं.

मथुराने कार्ड देव्हाऱ्यात समईच्या मागे ठेवलं. रोज दिवा लावताना ते दिसे. कळंब ते काय, रिक्षाने अर्ध्या तासाची वाट. जाऊन यावं, असं रोज वाटे. रोज ती मनाला आवरी.

आता एकादशी अगदी तोंडावर आली होती.

फ्लॉईड गाडी काढून पुढे गेला. डेल्फिनला पलंगावरून उतरायची डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून रोवेना घरी थांबली. मथुराने कागदाचे कपटे गोळा केले, पंच डब्यात ठेवले.

"मी जाते कळंबला," ती म्हणाली.

"आणि तुझी एकादशी?"

"कार्ड अजून माझ्याकडेच आहे, डेल्फिन."

डेल्फिनने भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, "आता कशाला नेम मोडतेस? इतके दिवस पाळलास. ज्याच्यासाठी धरलास, त्याला तरी देव पावू दे."

"पावलाय तो," मथुरा हळूच म्हणाली.

नेम कशासाठी धरला ते सांगितलं की त्याचं फळ उणं होतं, असं तिची आई म्हणायची. म्हणून यंदाचा नेम कशासाठी ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही. डेल्फिन उठून बसू दे, एवढंच तिने आषाढीला देवापाशी मागितलं होतं. एस्थरचं नाव घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

घरी येऊन तिने हातपाय धुतले. देव्हाऱ्यापुढे उभी राहिली. देवाला काय सांगावं ते कळेना. नुसते हात जोडले आणि समईमागचं कार्ड काढून घेतलं. रोजच्या धुराने एक फूल पिवळं पडलं होतं. तिने ते पदराने पुसून पाहिलं. निघालं नाही.

नाक्यावर रिक्षा मिळाली.

"कळंब," ती म्हणाली. "जरा लवकर न्या, भाऊ."

पापडीची शेवटची वाडी मागे गेली. मथुराने डोळे मिटून घेतले. मांडीवर पिशवी होती, तरी कार्ड तिने हातातच धरलं होतं. शवपेटी बंद व्हायच्या आत ते एस्थरच्या हातात द्यायचं होतं.