मागचे कप्पे

आवाज होता, बेडूक नव्हता. अमृताच्या जिवाची सगळी घालमेल एवढ्या एका गोष्टीपायी होती. बंगळुराबाहेर आनेकलजवळच्या तळ्याकाठी तिने तो आवाज टिपला होता. आधी टकटक, मग लांबलचक कुरकुर. कुठल्याच बेडकाच्या नोंदीत असा आवाज नव्हता. जात नवी आहे, याबद्दल तिला शंका नव्हती. पण ती पुन्हा गेली तेव्हा तळ्यात मातीचे ट्रक रिकामे होत होते. तिथे प्लॉट पडणार होते.

तेव्हापासून तिचा पाय घरात ठरत नव्हता. दुपार कलली की बस धरायची, डबकी धुंडाळायची, मोबाइलवर बेडकाचं चित्र दाखवत भेटेल त्याला विचारत सुटायचं. मग हात हलवत राजाजीनगरला परतायचं आणि कानांत इअरफोन खुपसून तोच आवाज ऐकत पडायचं. जेवणाची शुद्ध नसायची.

घरमालकीण लक्ष्मीदेवींना, म्हणजे अक्कांना, वाटे की पोरीचं कुठेतरी लग्नाचं बिनसलंय. अमृताने त्यांना आपण पीएचडी करतो एवढंच सांगितलं होतं. आधीच्या मालकिणीने बेडूक हा शब्द ऐकताच खोली रिकामी करायला लावली होती. दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणं आलंच.

अक्कांचं घराणं म्हणे शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेलं. त्यांची मराठीही तेव्हाच निघालेली असावी, आणि वाटेत सापडेल ते कन्नड उचलत आलेली. पुण्याच्या अमृताला तिची फार गंमत वाटे. ती अक्कांची वाक्यं दुरुस्त करी, आणि दुरुस्त करायच्या नादात त्या काय म्हणतात ते अर्धं ऐकतच नसे.

परवा ती बूट चढवत होती, तेव्हा अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मागचे कप्पे फार कुरकुर करतात गं. स्वल्पसुद्धा झोप नाही. काय करू?"

मागच्या पडवीत अक्कांचं जुनं शिसवी कपाट होतं. लाकडाला भुंगा लागला असणार, अमृताच्या मनात आलं. बस चुकत होती.

"कढत पाणी ओता. वर फिनेल टाका."

पाप नाही का लागणार, असं अक्कांनी विचारलं. अमृताला हसू आलं. ही बाई मुंगीलाही साखर घालणारी. तुम्हाला झोप हवी की पुण्य, असं विचारून ती पळाली.

आज सकाळी तिच्या मार्गदर्शकांचा, रत्नाकर सरांचा फोन आला. नुसत्या आवाजाला नाव देता येत नाही, ते म्हणाले. प्राणी डोळ्यांनी दिसला पाहिजे. नसेल तर दुसरा विषय घे. फोन संपला तशी अमृताला रडू कोसळलं. तिने रेकॉर्डिंग लावलं, आणि लावलं तसं रागाने इअरफोन उपटून फेकले. आवाज घरभर घुमला. टकटक, मग लांबलचक कुरकुर.

अक्का लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून आल्या.

"अय्यो, परत आले का कप्पे? तू सांगितलंस तसं काल पाणी ओतलं की. फिनेलसुद्धा टाकलं."

म्हणजे तो बेडूक कपाटात होता. अमृता पडवीकडे धावली. तिने कपाटाची दारं उघडली, एकेक कप्पा हाताने चाचपला. सगळं कोरडं ठणठणीत. पाण्याचा थेंब पडल्याची खूण नव्हती. तिचा जीव भांड्यात पडला.

"तिथे काय शोधतेस?" अक्का मागून म्हणाल्या. "मोरीच्या दगडाखाली होते की ते सगळे. कप्पे गं, कप्पे. तुमच्या पुण्यात काय म्हणतात त्यांना... हां, बेडूक."