दाखवायचे रॉड

अण्णांनी कपाट उघडलं, खोका दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि टेबलावर अशा काही भक्तीने ठेवला, की तपासणीला आलेल्या जितेश साहेबांनी नकळत चहाचा कप बाजूला घेतला.

"बावीसशे नऊ," अण्णा म्हणाले. "बाहेरचा माल. डुप्लेक्स स्टीलला आमच्याकडे दुसरा वेल्डिंग रॉड चालतच नाही."

जितेश साहेबांनी खोक्यावरचा आकडा वाचून कागदावर खूण केली. खोक्याचं सील शाबूत होतं. आतल्या रॉडने वेल्डिंग झालं म्हणता, तर सील शाबूत कसं, हे त्यांना सुचलं नाही. किंवा सुचलं आणि त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. बायको-मुलं बाहेर गाडीत खोळंबली होती. माथेरानची खोली अण्णांनीच सांगून ठेवली होती.

शौनक दाराशी उभा होता. अण्णांच्या मालकीच्या या खालापूरच्या फाउंड्रीत धातूशास्त्र शिकलेला तो एकटाच, त्यामुळे कोणत्या कामाला कोणता रॉड हे ठरवायचा अधिकार त्याचा. मंगळवारी पंपाच्या डुप्लेक्स केसिंगमध्ये, म्हणजे ओतीव कवचात, पोकळी निघाली, तेव्हा त्याने अधिकाराने हाच खोका मागितला होता.

"हा फोडला, तर पुढच्या साहेबाला काय दाखवू?" अण्णांनी विचारलं होतं. "नेहमीच्या तीनशे सोळा रॉडने भरून टाक. दिसायला सारखंच."

दिसायला सारखंच होतं. पंपातून जाणार होतं गरम, खारट ॲसिडचं पाणी. ते डुप्लेक्सला काही करणार नाही, पण तीनशे सोळाची भर आतून पोखरत जाणार. मग एके दिवशी पंपाशेजारी जो कोणी उभा असेल, त्याच्या अंगावर धार. शौनकला हे सगळं शिकवलेलं होतं. तो "बरं" म्हणाला होता.

वेल्डर भिवाजीने तेवढं विचारलं होतं, "साहेब, पंप कुठं जानार ह्यो?"

"लांब."

"मंग ठीक हाय," म्हणून भिवाजीने तोंडापुढे काच धरली होती.

तेव्हापासून शौनकची सगळी भिस्त जितेश साहेबांच्या खिशावर होती. त्या खिशात चुंबक असतो. डुप्लेक्सला चुंबक घट्ट धरतो, तीनशे सोळाला जेमतेम. म्हणजे जे आपल्याला बोलता आलं नाही ते चुंबक बोलेल, अण्णांचा राग चुंबकावर निघेल, आणि आपण मान खाली घालून खोका फोडायला मोकळे. पंपही वाचेल, नोकरीही.

सगळे शेडमध्ये गेले. भिवाजीने केसिंग पुसून ठेवलं होतं. जितेश साहेबांनी वरच्या कडेला चुंबक लावला. चिकटला. पोटाला लावला. चिकटला. मग भरलेल्या जागेवर लावला. चुंबक घसरला आणि खणकन फरशीवर पडला.

शौनक एक पाऊल पुढे सरकला.

साहेबांनी चुंबक उचलला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"कमजोर झालाय," ते म्हणाले.

"काय?" शौनकने विचारलं.

"चुंबक हो. जुना झाला."

"बाकी सगळीकडे चिकटला, साहेब," शौनक म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"मग चिकटून चिकटून दमला असेल." साहेब हसले. अण्णा त्याहून जास्त हसले, आणि हसता हसता त्यांनी शौनककडे पाहिलं. भरल्या ताटावर शिंकणाऱ्या पाहुण्याकडे यजमान पाहतो, तसं.

केबिनमध्ये सही झाली. गाडी नेरळच्या वाटेला लागली.

शेडमध्ये केसिंगची पेटी ठोकून झाली होती. वर गिऱ्हाइकाचं नाव रंगवलेलं. भिवाजी ते अक्षर अक्षर लावून वाचत होता. नाव नदीपलीकडच्याच केमिकल कंपनीचं होतं.

"आमचा संतोष ह्याच कंपनीत हाय कामाला," तो म्हणाला. "पंपावरच असतो पोरगा."

शौनकने पेटीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"तुमी लांब म्हनालात."

"तुम्ही ठीक आहे म्हणालात."

भिवाजीने त्याच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे.

शौनक तसाच केबिनमध्ये शिरला. या वेळी आवाज बारीक निघू द्यायचा नाही, असं त्याने व्हरांड्यातच ठरवलं होतं.

"अण्णा, तो खोका—"

"बरं झालं आलास," अण्णा म्हणाले. "साहेब चुंबक इथेच ठेवून गेले बघ. कमजोर आहे म्हणाले ना, त्यांच्यासाठी नवीन मागव. चांगल्यातला. कंजुषी नको. हा फेकून दे."

चुंबक कपाटाच्या दाराला चिकटवलेला होता. शौनकने तो धरून ओढला. निघेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला.

चुंबक सुटला नाही. कपाटाचं दारच उघडलं.

आत खोका होता. सील तसंच, आणि वर गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू.

"दार लाव रे," फोनमधून मान वर न काढता अण्णा म्हणाले. "धूळ बसते त्याच्यावर."