बाहेरून घेतलेलं ॲप

"खरं ॲप फुकट मिळत असताना पैसे टाकून खोटं घेतलंस? अरे, अक्कल गहाण ठेवलीस की विकून खाल्लीस?"

ताई दारातच कडाडली. चपलाही अजून पायातच होत्या. शाळेत ती पीटी शिकवायची. मैदानाच्या पार त्या टोकाला चुळबुळ करणारा मुलगाही तिच्या एका हाकेसरशी ताठ व्हायचा. धाकटा भाऊ तर तिच्यासमोर अजूनही अर्ध्या चड्डीतलाच होता.

"हळू बोल ना, ताई."

"का? बाबांना ऐकू जाईल म्हणून? त्यांना ऐकू येत असतं तर मी कशाला घसा फोडला असता?"

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही कानांमागे मशीन, हातात मोबाइल, चेहऱ्यावर तेच गोड, हरवलेलं हसू. जिना चढताना तिने त्यांना नातीबरोबर खळखळून हसताना ऐकलं होतं. पण एवढ्याशा पोरीबरोबर हसायला कान लागत नाहीत.

ताईच्या वाट्याला रविवारमागून रविवार हे हसूच येत होतं. ती नेमाने यायची, जवळ बसायची. चालायला जाता का, पाठ सरळ ठेवता का, मीठ कमी केलंत का, गोळ्या चुकवत नाही ना, सगळं विचारायची. बाबा मान डोलवायचे. "पाय सुजलेत का?" म्हटलं, की "हो हो, छान" म्हणायचे. मशीन नवं, डॉक्टर चांगले. मग घोडं पेंड कुठे खातं, हे तिला कालच कळलं होतं. शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना तिने बाबांच्या मोबाइलचा फोटो दाखवला, तेव्हा ते म्हणाले होते, हे मशीनच्या कंपनीचं ॲप नाही. कुठल्या तरी बाहेरच्या स्टोअरवरून घेतलेलं दिसतंय. असल्या ॲपवर भरवसा नको.

"कुठल्या दुकानातून आणलंस हे?"

"दुकान नाही गं. फोनमध्ये नेहमीचं स्टोअर असतं ना, तसंच दुसरं एक."

"दुसरं म्हणजे चोरबाजार! उद्या बाबांची पेन्शन कोणी उचलली, तर तू भरणार आहेस?"

"कंपनीच्या ॲपमध्ये हवी ती सोय नव्हती, ताई."

"कसली सोय?"

धाकट्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे उभी असलेली त्याची बायको झटकन आत वळली.

"काही नाही," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

चूक कबूल करून मोकळं व्हायचं, ही त्याची लहानपणापासूनची खोड. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चुकलंच! आता मी काय सांगते ते ऐक. मशीन दुरुस्त करून घेते आणि तिथूनच बाबांना माझ्या घरी नेते. कायमचं. तुझ्याच्याने बाप सांभाळवत नाही."

धाकट्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "ताई, असं नको. बाबांना विचार तरी."

"विचारू? कुठल्या कानात विचारू?"

तिने कपाटातून बाबांचे सदरे काढून पिशवीत कोंबले, त्यांच्या दंडाला धरलं आणि जिना उतरली. बाबा वळून वळून नातीकडे पाहत होते.

कानाची मशीनं बसवणाऱ्या बाईंची खोली छोटीशीच होती. एक टेबल, एक आरसा, भिंतीवर कानाचं मोठं रंगीत चित्र. बाईंनी दोन्ही मशीनं काढून तपासली, पुन्हा बसवली, मग मोबाइल हातात घेतला.

"मशीनं ठणठणीत आहेत."

"मग ऐकू का येत नाही?"

"हे ॲप आमचं नाही. आमच्यात आवाज कमी होतो, पण पार बंद होत नाही. मागून गाडी आली तर कळायला हवी ना! यात एका बोटाने पूर्ण बंद करता येतो. आत्ताही बंदच आहे."

"म्हणजे कोणीतरी बंद केलाय?"

"आपोआप तर होत नाही."

ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नवराबायकोला घरात मोकळं बोलायचं असेल. म्हाताऱ्याच्या कानावर नको ते पडायला नको. आणि तेवढ्यासाठी पदरचे पैसे घालून ही सोय विकत आणली! मती गुंग झाली तिची.

"काढा ते! आत्ताच्या आत्ता तुमचं घाला."

तिने फोनकडे बोट रोखलेलं पाहताच बाबांनी हात लांबवून टेबलावरचा फोन मुठीत घट्ट धरला.

"घाबरू नका, बाबा, मी आहे," म्हणत तिने एकेक बोट सोडवून फोन काढून घेतला.

बाई बराच वेळ खटपट करत होत्या. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आजोबा, येतंय ऐकू?"

"येतंय," बाबा म्हणाले. "अगदी स्वच्छ."

ताईचे डोळे भरून आले. पण रागाला वाट हवी होती. तिने तिथेच उभ्या उभ्या धाकट्याला फोन लावला.

"सख्ख्या बापाचे कान बंद करतोस? लाज नाही वाटली?"

पलीकडून धाकट्याचा आवाज आला.

"हो, ताई. मीच केले."

"आणि वर तोंड करून सांगतोस! आईने कसला धोंडा जन्माला घातला रे! बाबा आता तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाहीत. माझ्याजवळ राहतील. सकाळ-संध्याकाळ मी स्वतः बसून त्यांच्याशी बोलेन, समजलास?"

एवढं बोलून ती श्वास घ्यायला थांबली. त्या क्षणभराच्या शांततेत तिला मागून बाबांचा आवाज आला. ते मोबाइलवर अंगठा फिरवत मशीनवाल्या बाईंना हळूच, अजिजीने विचारत होते, "बाई, आमची ही लेक बोलायला लागली की बंद करायचं बटण यात कुठे आहे हो?"