गळकी तोटी

काल घट्ट बसवलेली तोटी गुन्व्होर आज पुन्हा सोडवत होती. लाकडी पिंपाखाली आडवी होऊन, पान्हा हातात घेऊन.

"अजून गळतेय का ती?" पलीकडच्या खोलीतून आजोबांनी विचारलं.

"थेंब थेंब."

"तू तोटी बसवायला घेतलीस तेव्हा मी नुसता आजारी होतो. आता मरायला टेकलोय."

पडवी आणि खोली यांच्यात एकच दार. आस्लाकआजोबांनी आपली खाट त्या दारापाशी ओढून घ्यायला लावली होती. तिथून त्यांना पिंप अर्धंच दिसे. तोटी दिसत नसे. डॉक्टरांनी औषधं कमी केली होती. आता फक्त दुखू नये एवढीच. त्यावर आजोबांचं काही म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच होतं. आपल्या मयताला आलेल्या माणसांना घरची बियर मिळाली पाहिजे. त्यासाठी जव त्यांनी स्वतः बाजूला काढले होते. मोड आणून, वाळवून, पोत्याचं तोंड आपल्या हाताने बांधून.

"बाजारची बियर काय, अख्ख्या नॉर्वेत मिळते," ते म्हणत. "ती लोकांना पाजलीत तर पेटीतून उठून बसेन. माझी बियर एकदा फसफसली की मी मोकळा. मग एक दिवस जास्त राहायचा नाही."

आजोबा शब्दाचे पक्के. गुन्व्होर त्यांच्याच हाताखाली वाढलेली, तिला ते ठाऊक होतं.

म्हणून आधी पिंपाच्या फळ्या सुकलेल्या निघाल्या, ते भिजत घालावं लागलं. मग खालच्या गावातल्या बंद डेअरीची दुधाची टाकी आणली, तर ती घासण्यात वसंत ऋतू निघून गेला. मग चूल नीट बसेना. मग काढा गाळायला पिंपाच्या तळाशी अंथरतात त्या जुनिपरच्या झुडपाच्या चांगल्या फांद्या मिळेनात. घराभोवती जुनिपरशिवाय दुसरं काही उगवत नव्हतं. आणि आता तोटी.

"पोरी," आजोबा म्हणाले. "आज कर."

आवाज बारीक होता. कालच्यापेक्षा बारीक. तिने तोटी बसवली आणि चूल पेटवली.

दुपार कलली तेव्हा जवाचा गोड काढा पिंपातून टाकीत उतरला होता. चोथा बकऱ्यांपुढे गेला. पडवीत ऊब धरली होती, आणि त्या उबेला टोपलीत तिरिल झोपली होती. गुन्व्होरची मुलगी, अजून पालथीही न पडणारी.

गुन्व्होरने काढ्याचे दोन थेंब मनगटावर टाकले.

"कोमट झालाय?"

"तिरिलच्या दुधाइतका."

"मग घाल."

खुंटीवर लाकडी कड्यांची माळ होती. घरचं विरजण तिच्यावर वाळून बसलेलं, आजोबांच्या आजीच्या हातचं, दर खेपेला नव्याने धरलेलं. गुन्व्होरने माळ काढ्यात सोडली.

"आता ओरड."

विरजण पडलं की टाकीत तोंड घालून ओरडायचं, म्हणजे ते जागं होतं. सगळ्या खोऱ्यात तसं करतात. या घरात मात्र आणखी एक होतं. ज्याच्यासाठी बियर, त्याचं नाव घेऊन ओरडायचं. विरजणाच्या कानी पहिली हाक ज्याची पडेल, बियर त्याची. मागाहून कितीही घसा फोडला तरी बदलत नाही.

गुन्व्होर टाकीवर वाकली. 'आस्लाक' एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं. आत ऊब गेली. बाहेर काही आलं नाही.

"मी अजून बहिरा झालेलो नाही," खाटेवरून आवाज आला. "काही ऐकू आलं नाही."

"ओरडते ना."

"लाजतेस कोणाला? बकऱ्या हाकताना समोरचा डोंगर उठवायचीस."

ती पुन्हा वाकली. हातात टाकीचं झाकण होतं, ते कधी सुटलं तिला कळलं नाही. ते दगडी फरशीवर पडलं आणि घरभर वाजलं.

तिरिल दचकून उठली आणि किंचाळली. गुन्व्होरने तिला उचललं, खांद्यावर घेतलं. टाकी उघडीच होती. किंकाळी टाकीत शिरली आणि दुप्पट होऊन वर आली. आपलाच आवाज ऐकून तिरिल क्षणभर गप्प झाली. मग तिने त्याला त्याहून मोठ्याने उत्तर दिलं.

पलीकडे खाट करकरली.

"आजोबा?"

"कोण होतं ते?"

"तिरिल."

"त्याआधी तू काही बोलली होतीस?"

"नाही."

"एक अक्षरसुद्धा?"

"नाही, आजोबा."

ते खोकले, की हसले, दाराआडून कळत नव्हतं. "मग तिच्या बारशाची झाली बियर. माझ्या जवांवर डल्ला मारला कार्टीने."

"मी दुसरे जव आणते," गुन्व्होर म्हणाली. "भिजवावे लागतील. मोड यायला हवेत. मग वाळवायचे."

"हो तर. ओले घेऊन चालत नाही."

"टाकीसुद्धा परत घासायला हवी."

"नीट घास. दुधाचा वास राहतो."

तिरिल आता हुंदके देत होती. गुन्व्होर तिची पाठ थोपटत उभी राहिली. टाकीत माळेच्या कडेने पहिला बुडबुडा वर आला, फुटला. मागोमाग दुसरा.

"आणि पोरी," आजोबा म्हणाले, "ती तोटी. मला वाटतं ती अजून गळतेय."

पिंप केव्हाच रिकामं झालं होतं. तरी गुन्व्होर लेकीला घेऊन खाली वाकली आणि तिने तोटीखाली तळहात धरला. हात कोरडा राहिला.

"गळतेय, आजोबा," ती म्हणाली.