विभूतीची पुडी

अक्काताई परत आल्या त्या ॲम्ब्युलन्समधनं. बारा दिवसांपूर्वीच टाके काढून, आधाराशिवाय चार पावलं टाकून दाखवून, सगळ्या वॉर्डाला पेढे वाटून त्या उचगावला घरी गेल्या होत्या. आता नवा गुडघा टम्म सुजला होता, टाक्यांच्या जागेवरनं पू येत होता आणि अंग तापानं फणफणलं होतं.

वॉर्डच्या मुख्य नर्स कालिंदीबाईंनी चादर बाजूला केली आणि त्यांचा चेहरा उतरला. अडीच महिन्यांत हा पाचवा. गगनबावड्याचे एक मास्तर, मग आणखी तिघं आणि आता अक्काताई. ऑपरेशन झकास, टाके झकास, आणि घरी गेल्यावर जखम चिघळून परत दारात.

डॉ. शार्दूल यांनी आडपडदा ठेवला नाही. सांधा उघडून धुवायचा. दोनदा धुऊनही जंतू हटला नाही, तर नवा गुडघा काढून टाकायचा. मग अक्काताईंचं चालणं देवाच्या हवाली.

कालिंदीबाईंना हे फार लागलं. सव्वीस वर्षं त्या या वॉर्डात होत्या, आणि काय बाई होती ती! नवे डॉक्टर त्यांना दबकून असायचे. दिवाळीपासून सर्दीनं पाठ सोडली नव्हती, तरी एक दिवस रजा नाही. ऑपरेशन कुणीही करो, टाके मात्र त्यांच्याच हातनं निघायचे. पेशंट कळवळला की बाई मास्क खाली ओढून वाकायच्या आणि घरी आई घालते तशी जखमेवर हलकी फुंकर घालायच्या. आग निवायची. खरोखर निवायची, बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मास्तर तर सांगत सुटले होते की बाईंच्या फुंकरीत दत्तगुरू हायेत म्हणून. धिप्पाड पैलवान गडी जाताना त्यांच्या पाया पडून जायचे.

अशी बाई गप्प बसेल होय? त्यांनी पाचही जणांचे कागद काढले, बेड घासून घेतले, नातेवाइकांची गर्दी दारातच अडवली. आणि दुसऱ्याच दिवशी अक्काताईंच्या उशीखाली त्यांना कागदाची पुडी सापडली. आत विभूती.

पुडी सुनेची निघाली. सुष्मिता, अक्काताईंच्या मुलाची, बसवेशची बायको, लग्नाला दीड वर्ष झालेली. घरात रोज कपाळाला लावतात ती विभूती तिनं सासूच्या गुडघ्याला लावली होती, लवकर बरं वाटावं म्हणून.

"पट्टीच्या वरनं लावली हो बाई," ती म्हणाली. "आत न्हाय लावली. शपथ."

"आत लावली असं कोण कबूल करतंय?" कालिंदीबाई म्हणाल्या. "सासूचा पाय जायची वेळ आणलीस. आता तिला हात लावायचा नाही."

भरल्या वॉर्डात बोलल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. बसवेशनं बायकोशी बोलणं टाकलं. आईचं खाणंपिणं तो स्वतः बघायला लागला. सुष्मिता दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायची, डबा आणायची आणि उंबऱ्यावरनंच आत द्यायची. आतनं अक्काताई विव्हळल्या की पदरात तोंड घालायची. अक्काताई तेवढ्या म्हणत राहिल्या की पोरगी तसली न्हाय. पण तापातल्या माणसाचं कोण ऐकतंय.

डॉ. शार्दूल यांना मात्र पक्कं हवं होतं. पाचही जणांचा पू तपासणीला गेला, विभूतीची पुडी गेली, आणि वॉर्डात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या नाकातला नमुनाही. काही जंतू धडधाकट माणसाच्या नाकात घर करून बसतात, त्याला काडीचाही त्रास होत नाही आणि दुसऱ्याच्या जखमेत गेले की घात करतात, असं त्यांनी सगळ्यांना समजावलं.

कालिंदीबाईंनीच रांग लावली. डॉक्टरांनाही सोडलं नाही. झाडलोट करणाऱ्या धोंडुबाई रडायला लागल्या, माझ्यात काय निघालं तर पोटावर पाय येईल म्हणाल्या. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की खरं काय ते कळू दे, मी आहे. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून शेवटी स्वतःचाही नमुना दिला. आपल्या बाई म्हणजे बाईच, असं धोंडुबाई दिवसभर सांगत होत्या.

पाचव्या दिवशी अहवाल आला. अक्काताईंचा गुडघा दुसऱ्यांदा धुऊन झाला होता आणि ताप अजून हटला नव्हता. डॉ. शार्दूल ऑपरेशनच्या घाईत होते. त्यांनी पाकीट न फोडताच बाईंच्या हातात दिलं. तुमच्याइतकं विश्वासाचं दुसरं कोण आहे, म्हणाले.

बाईंनी उभ्याउभ्याच वाचलं. पाचही जणांच्या जखमेत एकच जंतू होता, एकाच घरचा. पुडीत काहीच सापडलं नव्हतं. डॉक्टर स्वच्छ, धोंडुबाई स्वच्छ. बोट ओळीओळीनं खाली सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. तोच जंतू तिथं होता. ती ओळ त्यांच्या स्वतःच्या नावाची होती.

त्यांनी कागदाची घडी घातली. मास्क नाकावर दाबून धरला आणि वॉर्डात आल्या. अक्काताईंची पट्टी सोडलेली होती, म्हातारी दात आवळून पडली होती. पाच दिवस बाहेर बसलेली सुष्मिता आज कुणाला न विचारता आत आली आणि बाईंच्या पायावर डोकं टेकून म्हणाली,

"चुकलं माझं बाई. पर आत्तीस्नी लई आग हुतीया. तेवढी तुमची फुंकर घाला की."